उशीर नेमका कुठे होतो?

ड्रायव्हर हा शब्द आमच्या घरात अदबीनं घेतला जायचा. अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. कॉम्प्युटरलाही ड्रायव्हर लागतो हे अम्मीनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिनं विचारलं होतं, "उसकू भी खाकी कपडे देते क्या?" खाकी देत नाहीत, पण काम नेण्या-आणण्याचंच आहे. आवाज आत घेणारं आणि बाहेर सोडणारं जे यंत्र असतं, म्हणजे साउंड कार्ड, त्याची भाषा वेगळी आणि गाणं रेकॉर्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरची भाषा वेगळी. दोघांच्या मध्ये बसून याचं त्याला आणि त्याचं याला सांगणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ऑडिओ ड्रायव्हर. खरं तर त्याला दुभाषी म्हणायला हवं होतं.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. कॉम्प्युटर हा काही माझा विषय नाही. २०२० साली शाळा बंद पडल्या आणि धडे रेकॉर्ड करून मुलांच्या मोबाइलवर पाठवायची वेळ आली, तेव्हा माईक, आवाजाची पातळी, फाइलचा आकार हे सगळं पडत-धडपडत शिकले. तेव्हापासून नात्यात बोलबाला झाला की खालाला कॉम्प्युटरचं कळतं. हा लौकिक फार महाग पडतो. कुणाचा प्रिंटर अडला तरी फोन मलाच येतो.

माझी बहीण मिरजेला दिली आहे. तिचे सासरे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. आता दात गेले, क्लॅरिनेट पेटीत पडून आहे. तिचा मुलगा एकोणीस वर्षांचा. कीबोर्ड वाजवतो, लग्नसराईत ऑर्केस्ट्राबरोबर जातो. पण लग्नसराई काही बारा महिने नसते. हल्ली एक नवीन काम निघालंय: मोठ्या शहरातला कुणी संगीतकार मोबाइलवर तालाचा ट्रॅक पाठवतो, वादकानं घरी बसून त्याच्यावर आपलं वाद्य वाजवायचं, रेकॉर्ड करायचं आणि फाइल परत पाठवायची. मंजूर झालं तर पैसे खात्यावर. पोरानं जुना लॅपटॉप घेतला, कीबोर्डच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपच्या माईकच्या भोकात घातली आणि कामाला लागला.

पहिली फाइल परत आली. हात मागे पडतो, म्हणाले. दुसरीला तेच. तिसऱ्या वेळी निरोप आला की आधी ताल पक्का कर, मग बघू. त्यानंतर ट्रॅक यायचे बंद झाले.

बहिणीचा फोन आला तोवर कीबोर्ड विकायची बोलणी सुरू झाली होती. तिच्या दिराचं गॅरेज आहे. भाच्यानं तिथं बसावं हे त्यांचं पहिल्यापासूनचं मत. गाणं-बजावणं घरात असावं की नसावं यावर आमच्या नात्यातच दोन तट आहेत, आणि ज्या मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ राहिले, जिथं मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गाण्याची मैफल भरते, तिथंसुद्धा हा वाद प्रत्येक घरात नव्यानं घालावा लागतो. "तालच नाही त्याला" हे वाक्य त्या वादात फार सोयीचं होतं. हराम-हलालचा काथ्याकूट करायला नको, मौलवींना विचारायला नको. पोराला येतच नाही म्हटलं की विषय संपला.

मी फोनवर त्याच्याशी बोलले. म्हणाला, "मेरेकू तालच नै, खाला. दादा बोल्ते थे खून में है. किदर है?"

मी त्याला लग्नात ऐकलं आहे. ढोलकीवाला वयानं त्याच्या दुप्पट. पण लय बदलायची असली की तो या पोराकडे बघतो. जो मुलगा मांडवातल्या गोंगाटात लय सोडत नाही, तो घरी येताना ती रस्त्यात सांडून येतो की काय?

इथं मला माझा वर्ग आठवला. उर्दू माध्यमाच्या मुलांना मी मराठीत प्रश्न विचारते. उत्तर बरोबर येतं, पण क्षणभर थांबून येतं. एकदा वर्ग बघायला आलेले एक गृहस्थ बाहेर पडताना मला म्हणाले, "मुलं जरा मंद वाटतात." मुलं मंद नव्हती. मराठी प्रश्न आधी घरच्या दखनीत जातो, दखनीतून पुस्तकी उर्दूत, उत्तर तिथं तयार होतं आणि त्याच वाटेनं उलटं परत मराठीत येतं. चार ठिकाणी थांबून आलेलं उत्तर उशिरा येणारच. वाट कमी केली, मराठी प्रश्नाला थेट मराठीत उत्तर द्यायचा सराव दिला की तीच मुलं पटापट बोलतात. वीस वर्षं मी हेच करते आहे. त्यामुळे 'मागे पडतो' हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की त्याच्या बोटापासून त्या फाइलपर्यंत आवाज किती जणांच्या हातांतून जातो?

रविवारी मिरजेला गेले. त्याला म्हटलं, आज तू काही वाजवायचं नाहीस. कीबोर्ड बंद ठेव.

एक छोटी वायर घेतली. तिचं एक टोक लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात, दुसरं माईकच्या भोकात. जुन्या लॅपटॉपचा हा एक फायदा, दोन भोकं वेगळी असतात. म्हणजे लॅपटॉप जे बोलेल तेच त्यानं स्वतः ऐकायचं. आवाज अगदी कमी केला, कारण माईकचं भोक नाजूक असतं. मग सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकवर नुसती टिक्-टिक् ठेवली आणि ती वाजवत असतानाच दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड केली. दोन्ही ट्रॅक एकाखाली एक ठेवून स्क्रीन मोठा करून पाहिला. वरची टिक् एका जागी आणि तिचीच खाली उमटलेली नक्कल पुढे सरकलेली. मोजलं तर अंतर १४० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाचा साधारण सातवा हिस्सा. एक मात्रा अर्ध्या सेकंदाची धरली तर पाव मात्रेपेक्षा जास्त. आणि या सगळ्यात कुणीही काही वाजवलं नव्हतं.

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग वायर उलटी लावून पुन्हा केलं. पुन्हा तेवढंच.

होत काय होतं, ते सांगते. सॉफ्टवेअर तालाचा ट्रॅक बाहेर सोडतं, तो हेडफोनमध्ये पोचेपर्यंत थोडा उशीर होतो. पोरगा ऐकलेल्या तालावर अगदी बरोबर वाजवतो. त्याचं वाजवणं वायरीतून आत जातं, तिथं पुन्हा थोडा उशीर होतो. जाण्याचा उशीर अधिक येण्याचा उशीर, एवढं मागे ते वाजवणं कागदावर उमटतं. चांगलं सॉफ्टवेअर हा उशीर हिशेबात धरून रेकॉर्डिंग आपणहून मागे सरकवतं, पण त्यासाठी उशीर किती आहे हे ड्रायव्हरनं त्याला खरं सांगावं लागतं. ड्रायव्हरनं थातुरमातुर आकडा सांगितला तर हिशेबही थातुरमातुरच होणार.

बाजूला दादा, म्हणजे बहिणीचे सासरे, खाटेवर बसून ऐकत होते. त्यांना मिलिसेकंद कळेनात. मी त्यांच्या भाषेत सांगून पाहिलं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर चालतो. १४० मिलिसेकंद म्हणजे ४८ मीटर. दादा, ढोलवाला पन्नास पावलांच्याही पलीकडे उभा आहे आणि तुम्ही त्याच्यावर क्लॅरिनेट वाजवता आहात असं समजा. दादा लगेच म्हणाले, "वरातमें ऐसाच होता." वरात लांबली की पुढचे आणि मागचे यांच्यात अंतर पडतं. कानावर विसंबून वाजवलं तर बँड फाटतो. "मास्टरके हात कू देखना, पिछले ढोल कू कान नै देना." मग नातवाकडे वळून त्यांनी विचारलं, "ये डब्बे में मास्टर कौन है?"

प्रश्न लाखाचा होता. त्या डब्यातला मास्टर कोण हे बघायलाच आम्ही सेटिंगचं पान उघडलं.

विंडोजवर कुठल्याही संगीताच्या सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये गेलात की ड्रायव्हरच्या नावांची यादी दिसते. एमएमई किंवा वेव्हआउट, डायरेक्टसाउंड, वासापी, एएसआयओ. या शेवटच्याला लोक आसिओ म्हणतात. बहुतेक जण या यादीला हात लावत नाहीत. आवाज येतोय ना, मग झालं. आवाज चौघांतूनही येतो, वाट वेगवेगळी असते.

अब्बांच्या भाषेत सांगायचं तर एमएमई म्हणजे गावोगाव थांबणारी साधी गाडी. विंडोजच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतली, नव्वदीच्या आरंभीची. कुठेही चालते, कुणालाही घेते, पण वेळेचं नाव काढू नका. डायरेक्टसाउंड नव्वदीच्या मध्यावर आला, खेळांसाठी. आजच्या विंडोजवर तोही आतल्या आत फिरून त्याच रस्त्याला लागतो. वासापी विंडोज व्हिस्टापासून आहे. त्याचे दोन प्रकार: सामायिक आणि एकट्याचा. सामायिक प्रकारात तुमचं गाणं, यूट्यूब, मेसेजची टिंग हे सगळं विंडोज एका ठिकाणी गोळा करतं, मिसळतं आणि मग पुढे सोडतं. एकट्याच्या प्रकारात साउंड कार्ड फक्त तुमच्या सॉफ्टवेअरच्या ताब्यात येतं. मिसळण्याचा थांबा वगळला जातो.

आणि आसिओ. हे स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीनं १९९७ मध्ये काढलं. त्यांचं क्यूबेस हे सॉफ्टवेअर होतं आणि विंडोजच्या वाटेनं जाऊन स्टुडिओचं काम होईना. म्हणून त्यांनी विंडोजचं मिसळण्याचं खातं टाळून सॉफ्टवेअर आणि साउंड कार्ड यांना थेट बोलू देणारी पद्धत बनवली. सांगली-कोल्हापूर विनाथांबा, विनावाहक. किती उशीर होतो हेही ती गाडी सॉफ्टवेअरला सांगते. याची एक किंमत आहे. आसिओ चालू असताना बऱ्याचदा यूट्यूबचा आवाज बंद पडतो आणि लोक घाबरून सगळं पुन्हा पहिल्यासारखं करून टाकतात. घाबरू नका. गाडी विनाथांबा आहे, वाटेत कुणाला घेणार नाही.

आता खरी अडचण. खरा आसिओ ड्रायव्हर तो, जो साउंड कार्ड बनवणाऱ्यानं स्वतःच्या यंत्रासाठी लिहिलेला असतो. यूएसबीवर चालणारा चांगला ऑडिओ इंटरफेस घेतलात तर त्याच्याबरोबर तो मिळतो, कंपनीच्या साइटवरून उतरवून घालायचा. साध्या लॅपटॉपच्या पोटातल्या साउंड कार्डाला सहसा तो नसतो. त्यांच्यासाठी आसिओ-फॉर-ऑल नावाचा फुकट ड्रायव्हर आहे. तो सॉफ्टवेअरला सांगतो की मी आसिओ आहे, आणि पाठीमागे विंडोजच्याच एका खालच्या, जवळच्या वाटेनं जातो. विनाथांब्याची पाटी लावलेली साधी गाडी म्हणा, पण ड्रायव्हर वाकबगार आहे, बरेच थांबे चुकवतो. एफएल स्टुडिओसारखी सॉफ्टवेअर आपल्याबरोबर स्वतःचा तसाच एक ड्रायव्हर देतात. ऑडॅसिटी मात्र परवान्याच्या अटींमुळे वर्षानुवर्षं आसिओशिवायच वाटलं जात आलं. ज्यांनी फक्त तेच वापरलंय त्यांना हे नाव यादीत दिसलं नसेल तर दोष त्यांचा नाही.

माझं मत विचाराल तर इंटरफेस असेल तर त्याच्या कंपनीचा आसिओ, दुसरा विचारच करू नका. इंटरफेस नसेल तर वासापीचा एकट्याचा प्रकार आणि आसिओ-फॉर-ऑल, दोन्ही लावून वरची वायरीची परीक्षा घ्या आणि जो पास होईल तो ठेवा. कुणी छातीठोकपणे अमुकच चांगला म्हणत असेल तर त्यानं तुमचा लॅपटॉप पाहिलेला नाही.

आमच्याकडे आसिओ-फॉर-ऑल पास झाला. पण लावल्या-लावल्या आवाज फुटायला लागला. चट्-चट्, भजी तळल्यासारखा. पोराचं तोंड पुन्हा उतरलं.

हा बफरचा मामला. आमच्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळेला येतं. घरात मोठं पिंप असेल तर मधल्या वेळेत पाणी संपत नाही, पण पिंप भरून वरून वाहायला वेळ लागतो. लहान कळशी लगेच भरते, पण पुढचं पाणी यायच्या आत रिकामी झाली की घरात ठणठणाट. बफर म्हणजे आवाजाची अशी कळशी. तिचं माप सॅम्पलमध्ये असतं: ६४, १२८, २५६, ५१२, १०२४. सेकंदाला ४४१०० सॅम्पल असतील तर २५६ ची कळशी भरायला ५.८ मिलिसेकंद लागतात, ५१२ ला ११.६, १०२४ ला २३.२. जाताना एक कळशी, येताना एक, शिवाय यंत्राचा स्वतःचा थोडा वेळ. कळशी फार लहान ठेवली आणि लॅपटॉपला ती वेळेत भरता आली नाही की मधे जी पोकळी राहते तीच ती चट्-चट्.

१२८ वर फुटला, २५६ वर क्वचित फुटला. आणखी वर जाण्याआधी लॅपटॉपचं ओझं उतरवून पाहिलं. वीज वाचवणारी सेटिंग काढून पूर्ण ताकदीची ठेवली, चार्जर लावला. वायफाय बंद केलं. वायफायचा आणि आवाजाचा काय संबंध, असं वाटेल, पण वायफायचा ड्रायव्हर मधेच प्रोसेसरला अडवून धरतो आणि तेवढ्यात कळशी रिकामी होते. लेटन्सीमॉन नावाचं फुकट साधन आहे, कुठला ड्रायव्हर असा आडवा येतोय ते दाखवतं. वायफाय गेलं आणि २५६ वर आवाज स्वच्छ झाला. ट्रॅक उतरवून घ्यायचा, मग वायफाय बंद करून वाजवायचं, अशी आता त्या घराची रीत आहे. बहिणीला ही रीत फार आवडली.

मग पुन्हा वायरीची परीक्षा. १४० चे ९ मिलिसेकंद राहिले होते, म्हणजे साधारण तीन मीटर. मांडवात ढोलकीवाला याच्याहून लांब बसतो. तो रीपर वापरतो. त्याच्या सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगच्या पानावर हाताने फरक भरायची सोय आहे. उरलेले नऊही तिथं भरले. तिसऱ्यांदा पाहिलं, टिक् टिकेखाली.

जे वादक कीबोर्डचा स्वतःचा आवाज न वापरता कॉम्प्युटरमधला पियानो किंवा सतार वाजवतात, त्यांचं दुखणं जरा वेगळं. पट्टी दाबली की आवाज उशिरा येतो, बोट आणि कान यांची गाठच पडत नाही. तिथेही औषध हेच, पण कळशी आणखी लहान लागते. आणि मिक्सिंग करताना, जेव्हा काही वाजवायचं नसतं, तेव्हा ती १०२४ करून टाकावी. लॅपटॉपला उसंत मिळते.

ब्लूटूथ हेडफोन घालून रेकॉर्डिंग करू नका. वरचं सगळं करून कमावलेला वेळ तो एकटा खाऊन वर ढेकर देईल.

सॅम्पल रेटबद्दल दोन शब्द. सीडीचा ४४१००, व्हिडिओवाल्यांचा ४८०००. समोरच्यानं जो ट्रॅक पाठवला त्याचा रेट, तुमच्या प्रोजेक्टचा रेट आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमधला रेट, तिन्ही एक ठेवा. सॉफ्टवेअर बऱ्याचदा आपणहून जुळवून घेतं. जिथं घेत नाही तिथं ४४१०० चं गाणं ४८००० नं वाजतं, तीन मिनिटांचं गाणं पावणेतीन मिनिटांत उरकतं आणि पांढरी एकमध्ये लावलेला सूर काळी एकच्याही पुढे जाऊन बसतो. पेटीवर कान तयार झालेल्याला हे लगेच कळतं. ज्याचा कान तयार नाही तो म्हणतो, गायक चढा लावतो. इथेही दोष माणसावरच.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. मिरज हे तंतुवाद्यांचं गाव. इथले सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. त्या हातांनी भोपळ्याचे तंबोरे आणि सतारी बनवायला घेतल्या, आणि आज मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन आहे. भाच्याच्या एका मित्राकडे असा तंबोरा आहे. दोघांनी तो लॅपटॉपच्या माईकवर रेकॉर्ड करून पाहिला. तार छेडल्यावर पहिला क्षण येतो आणि पुढचा झंकार विरघळून नाहीसा होतो. मित्राला वाटलं जवारी बिघडली, तो तंबोरा घेऊन दुरुस्तीला निघाला होता.

जवारी ठीक होती. लॅपटॉपच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'सुधारणा' नावाखाली गोंगाट काढून टाकायची सोय चालू होती. ही सोय बोलण्यासाठी केलेली असते. माणसाचं बोलणं चढतं-उतरतं, थांबतं. जो आवाज एकसारखा चालू राहतो तो पंखा किंवा एसी असणार असं समजून ती तो पुसते. तंबोऱ्याचा धर्मच एकसारखं चालू राहण्याचा. यंत्रानं त्याला पंखा समजून पुसून टाकलं. झूमवर गाण्याची शिकवणी घेणाऱ्यांनी लॉकडाउनमध्ये हेच भोगलं. तिथं मूळ आवाज ठेवायची वेगळी सेटिंग आहे. विंडोजमध्ये माईकच्या गुणधर्मात जाऊन सगळ्या सुधारणा बंद करायच्या, आणि जिथं एकट्याला पूर्ण ताबा घेऊ द्या असं विचारलेलं असतं तिथं हो म्हणायचं. मित्राला फोन केला. तो रिक्षात होता, परत फिरला.

मी निघताना भाच्यानं दोन ओळी वाजवून रेकॉर्ड केल्या आणि एकेक मात्रा मोठी करून पाहत बसला. अस्ताई नीट होती. अंतऱ्याला लय चढवताना मात्र तो तालाच्या पुढे जात होता. मागे नाही, पुढे. दर वेळी, त्याच जागी. १४० मिलिसेकंदांच्या ढिगाऱ्याखाली हे कधी दिसलंच नव्हतं. मला वाटलं आता हा पुन्हा खचणार. पण त्याचा चेहरा खुलला होता. "ये मेरी गलती है, खाला," असं म्हणाला, बक्षीस मिळाल्यासारखं. "ये मेरे हाथ की है. ये मैं सुधारता."

त्या शहरातल्या माणसाला त्यानं फाइल पाठवली की नाही, मी विचारलं नाही. गॅरेजमध्ये तो अर्धा दिवस बसतो, ते चाचाच्या मनासाठी. कीबोर्ड घरातच आहे. लॅपटॉपच्या झाकणाच्या आत त्यानं कागद चिकटवलाय, उर्दूत लिहिलेला: ड्रायव्हर कुठला, बफर किती, रेट किती, फरक किती. विंडोजचं अपडेट झालं की या गोष्टी कधीकधी आपोआप बदलतात, म्हणून दर वेळी वाजवण्याआधी कागदाशी ताडून बघायचं असं त्याला सांगितलंय.

गेल्या महिन्यात त्याच्या दादींना लहर आली. हळदीच्या रात्रीची त्यांची जुनी गाणी आहेत, दखनी आणि मराठी एकत्र कालवलेली, ती भरून ठेवायची म्हणाल्या. पोरानं माईक लावला, सुधारणा बंद असल्याची खात्री केली, हेडफोन डोक्याला लावला आणि हळूच उठून पंखा बंद केला, कारण आता पुसणारं कुणी नव्हतं, पंख्याची घरघर जशीच्या तशी येणार होती. मे महिना, मिरज, दुपारचे तीन. दादींनी दीड गाणं म्हटलं, पदरानं मान पुसली आणि माईककडे बोट दाखवून विचारलं, "इसकू गरमी नै लगती क्या?"

उरलेली गाणी आता पहाटे, फजरच्या नमाजनंतर भरायची ठरली आहेत.